पाचव्या दाराची बारी

वीस वर्षं मी लोकांना कमोड विकले आणि स्वतः मात्र डबा घेऊन रुळापलीकडे गेले. यात रडण्यासारखं काही नाही. सोनाराकडे कामाला असणारी बाई काही अंगभर सोनं घालून फिरत नाही. गोंदियाच्या बाजारात पाइप, नळ, टाइल्स आणि संडासाची भांडी विकणारं आमचं दुकान. मालक गल्ल्यावर, मी काउंटरवर. चार इंची पाइपाला कुठला एल्बो बसतो, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. नवं घर बांधणारे नवरा-बायको भांडं पांढरं घ्यावं की गुलाबी, यावर अर्धा अर्धा तास भांडायचे. मी हसतमुखानं दोन्ही दाखवायची आणि मनात म्हणायची, बाई, दाराला आतून कडी लागते ना? मग रंगाचं काय घेऊन बसलीस.

आमची वस्ती राइस मिलच्या भिंतीमागे. मिल चालू असली की वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंड्याची धूळ बसते, त्यामुळे आमच्याकडे पांढरी साडी कुणी घेत नाही. वस्तीच्या टोकाला दहा दारांचा संडास होता. बांधणारे बांधून गेले. धुवायचं कुणी, हे ना त्यांनी ठरवलं ना आम्ही. पहिला महिना सगळे खूश, दुसऱ्या महिन्यात सगळ्यांच्या नाकाला पदर, तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा रूळ. पावसाळ्यात त्यातली दोन दारं नाहीशी झाली. एक मला पुढं कोंबड्यांच्या खुराड्यावर दिसलं. ओळख दिली नाही.

हे सगळं हलवलं ते शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं. वस्ती तिला मावशी म्हणायची, मीही. विहाराला लागून तिचं एका खोलीचं घर. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर दारात विड्या वळत बसायची. हात विड्यांवर, डोळे रस्त्यावर आणि तोंड मोकळं. एका सकाळी नळावर बायकांची नेहमीची तक्रार चालली होती, की कुणी साहेब येतच नाही, कुणी बघतच नाही. मावशीनं तिथूनच आवाज दिला.

"कायले साहेबाची वाट पाहून राहिल्या? हगणार आपण आन् धुणार साहेब?"

 नळावर जो हशा सुरू झाला, त्यात कामाचं ठरून गेलं.

आठ दिवस आम्ही ती जागा उपसली. चेंबरमधून काय काय निघालं ते सगळं सांगत नाही. एक स्टीलचा गिलास मात्र सांगते. तो कुणाच्या घरचा ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि ज्यांचा होता त्यांनीच सगळ्यांत आधी "कुणाचा गं हा?" म्हणून विचारलं. मी मालकाकडून टवके उडालेली भांडी मागून आणली. फरशी पुरुषांनी बसवली, आणि वाकडी बसवली. ती पुन्हा काढायला लावली.

मग नियम. ते मावशीनंच केले. पाच घरांना एक दार, एक कुलूप, पाच किल्ल्या. रोज एका घराची बारी. म्हणजे ज्याचा दिवस, त्यानं आपल्या हातानं धुवायचं. आणि तपासायचं कुणी? तर उद्या ज्याची बारी, त्यानं. विडीच्या धंद्यात आयुष्य गेलं होतं तिचं. वळणारीनं आपल्या विडीची तारीफ करून काही होत नाही, घेणारा खराब विड्यांची छाट काढतो, हे तिला पक्कं माहीत होतं. उद्याच्या घरानं "नाही झालं" म्हटलं की आजच्या घरानं परत धुवायचं. वाद नाही.

शेवटचा नियम सगळ्यांत कडक. बारी विकायची नाही. पैसे देऊन दुसऱ्याकडून धुवून घ्यायचं नाही, बदली माणूस पाठवायचा नाही. ज्याची बारी नाही त्याची किल्ली नाही.

त्यावर भाभी उभी राहिली. भाभी म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची मालकीण. तिचं घर आमच्याच पाचव्या दारात होतं. बाई वाईट नाही, पण ताठ.

"पैसा ले लो ना मुझसे," ती म्हणाली. "किसी को लगा दो. हमारे घर में आज तक किसी ने ये काम नहीं किया."

"मालूम आहे," मावशी म्हणाली. "आमच्या घरच्यायनं सात पिढ्या गावाचं झाडलं. थकले आता ते. आता तुह्या घरानं करून पाय जराक."

भाभी उठून गेली. चार दिवस तिनं किल्ली नेली नाही. पाचव्या दिवशी नेली. तिचेही गुडघे दुखायचे आणि रूळ काही जवळ आलेले नव्हते. पहिल्या बारीला तिनं हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, तोंडाला ओढणी आणि डोळ्यांना नवऱ्याचा गॉगल असा अवतार केला. गॉगलमुळे तिला काही दिसेना. पण तिनं धुतलं.

मी, मावशी आणि भाभी सोडून आमच्या दारातली उरलेली दोन घरं म्हणजे एक ऑटोवाला आणि एक आंधळ्या सासूला सांभाळणारी विडीवालीच. ऑटोवाला स्वतःची बारी स्वतः करायचा. ऑटो धुतो त्याच जोरात धुवायचा, मग आत उदबत्ती लावायचा. मावशी म्हणायची, "लिंबू-मिरची बी टांग ना बापा." दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं.

मग मावशी पडली. संडासात नाही, रुळावरही नाही. स्वतःच्या उंबऱ्यावर, साबणाच्या पाण्यावरून. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरनं सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही.

तिची एकच मुलगी, रायपूरला दिलेली. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट आणि दोन बाथरूम. ती धावत आली, महिनाभर राहिली, आईचं सगळं केलं. मावशी वॉकर धरून खोलीत चालायला लागली तशी मुलीनं विषय काढला. मी चहा घेऊन गेले होते, माझ्यासमोरच.

"आई, चल आता. मले मुलायची शाळा आहे. मी गेल्यावर तुह्या खाटेखालचं भांडं कोण उचलन?"

"उचलन कोणी बी."

"कोणी बी म्हणजे कोण?"

मावशीनं चहाचा कप तोंडाला लावला. 

"मी उचलीन," मी म्हटलं. "दुकानात जायच्या आधी आणि आल्यावर."

"आन् दुपारी?" मुलगी म्हणाली. तिचं चूक नव्हतं.

शेवटी मुलीनं पंधरा दिवसांची मुदत दिली. "पंधरा दिवसानं येतो. तोवर तू आपल्या पायानं जाऊन यायला लागली तर राय. नाही तर गठुडं बांधून ठेव. मी आयकणार नाई."

ती गेल्यावर मावशी म्हणाली, "तिथं जाऊन मी का करू व? लिफ्टशी बोलू?"

 मला फक्त एवढं दिसत होतं, की ही बाई इथं बडबड करून जिवंत आहे. तिथं लेक चांगली, जावई चांगला, नातवंडं चांगली. पण सकाळी नऊ वाजता सगळे निघून गेले की ही दारात बसायची कुठं? चौथ्या मजल्यावरच्या दारासमोर दुसरं बंद दार असतं.

असो. काम सोपं होतं. अशा माणसांसाठी लोखंडी घोडी मिळते. चार पाय, वर बैठक, मध्ये भोक. देशी भांड्यावर ठेवायची, काम झालं की उचलून बाजूला. दुकानात ती नव्हती, म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. उंची किती, त्यानं विचारलं. मी तिथंच त्याच्या स्टुलावर बसले, गुडघ्यापर्यंत माप दिलं आणि घोडी घेऊन आले.

वीस वर्षं मापं घेणारी बाई मी. मी आहे उंच आणि मावशी माझ्या खांद्याला लागते, हे कसं सुटलं कोण जाणे. आम्ही तिला वॉकरवरून हळूहळू नेलं, बसवलं, दार लोटलं. आतून आवाज आला.

"काऊन व, मले काय यात्रेतल्या पाळण्यात बसवलंस का? पाय टेकून नाई राहिले!"

बाहेर ऑटोवाला हसून हसून भिंतीला टेकला. घोडीचे पाय कापून आणले. दुसऱ्या दिवशी मावशी आत गेली, कडी लावली, आणि सावकाश बाहेर आली तेव्हा दारात उभ्या असलेल्या आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या. ती खेकसली, "जा ना, कामं नाईत का?" पण चालताना मान वर होती.

मला वाटलं, मिटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आले, तर मावशीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. पलीकडे खाटेवर साड्यांच्या घड्या घातलेल्या.

"हे काय?"

"उद्या माही बारी आहे." खाटेवर होती तोवर तिची बारी धरलीच नव्हती; दार वापरायला लागली, तशी बारीही परत आली.

"मग? मी करते. नाही तर ऑटोवाला करतो. तो तर म्हणालाच आहे."

"ज्याची बारी नाई, त्याची किल्ली नाई. मीच बोल्ली होती ना?"

"अहो मावशी, तुमच्या खुब्यात सळई आहे."

"नियमात सळईचं काई लिहिलं नाई."

मला अस्सा राग आला. म्हटलं, या बाईसाठी मी वेल्डिंगवाल्याकडे दोनदा गेले, आणि ही नियम दाखवते. मी म्हटलं, सगळी वस्ती तुमच्यासाठी करायला तयार आहे. एक माणूस नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, "तेच तं. आज माह्यासाठी करतीन. उद्या जिचे गुडघे दुखतेत तिच्यासाठी. परवा जिची पाठ. मंग जिचं काईच नाई दुखत, ते म्हणन माह्या मनाले दुखते. मंग पैसे. मंग तोच एक माणूस, हातात झाडू घेऊन. मले मालूम आहे तो कोणाच्या घरचा रायते."

मी तणतणत बाहेर पडले आणि सरळ भाभीच्या दुकानात गेले. मावशीच्या पाठोपाठची बारी भाभीची, म्हणजे मावशीचं काम तीच तपासणार. तिला गाठून म्हटलं, मावशीला सूट देऊ, तू फक्त हो म्हण.

भाभीनं साखर तोलता तोलता मान डोलावली. "हाँ हाँ, बिलकुल. बेचारी." पुडी बांधली, दोरा तोडला. "वैसे मेरे घुटने का भी एक्स-रे निकाला है. उसको छूट, तो मुझको भी, है ना? मैं तो पैसे भी दूँगी."

पुडी गिऱ्हाइकाला देईपर्यंत तिला स्वतःलाही आपण काय बोललो ते कळलं नाही. मला कळलं. एक संध्याकाळ पुरी झाली नव्हती आणि मावशीनं सांगितलेली दुसरी पायरी येऊन पोहोचली होती. म्हातारी बरोबर होती, म्हणून माझा राग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशीची तिची बारी आम्ही कशीबशी निभावली. म्हणजे मी धुतलं, आणि मावशीनं तो सगळा दिवस ते दार वापरलं नाही. पुढचे चार दिवसही नाही. पुन्हा भांडं, पुन्हा मी सकाळ-संध्याकाळ. दुपारी ती पाणीच प्यायची नाही, हे मला शेजारणीनं सांगितलं. मुलीच्या मुदतीतले दिवस असे वाया चालले होते.

मी दुकानात बसून डोकं चालवलं. नियमात काय आहे? आपल्या हातानं धुवायचं. उभं राहून धुवायचं, असं काही नाही. वाकून धुवायचं, असंही नाही. मग मी लांबच्या लांब रबरी पाइप कापला, एका टोकाला नळावर बसणारा क्लॅम्प लावला, दुसऱ्या टोकाला गाड्या धुवायचं पिस्तूल. टाकीच्या टाइल्स घासायचा लांब दांड्याचा ब्रश घेतला. घरची प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. ऑटोवाल्याच्या बारीच्या दिवशी त्याला जरा बाजूला सारून सरावासाठी मावशीला संडासाच्या दारात खुर्चीवर बसवलं आणि पिस्तूल हातात दिलं.

तिनं घोडा दाबला. पाणी आधी छताला, मग ऑटोवाल्याच्या तोंडावर.

"मावशी, मी का ऑटो आहे, धुता कायले?"

"तुही बी बारी आहे ना आज," मावशी म्हणाली. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली.

पुढची बारी आली ती नेमकी पंधराव्या दिवशी. मुलगी सकाळच्या गाडीनं उतरली, ऑटोनं वस्तीत आली आणि आई घरात नाही म्हणून शोधत संडासाकडे आली. तिथं तिची आई, खुब्यात सळई असलेली, खुर्चीवर बसून सार्वजनिक संडास धूत होती. वस्तीतल्या धडधाकट बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. ती काय बोलली ते लिहीत नाही. रायपूरला राहून तिची गोंदियाची शिवी विसरली नव्हती, एवढं सांगते.

"तुम्हांला लाजा नाईत का?" ती माझ्यावर वळली. "एक जण नाई इथं हात लावायले?"

"आम्ही सगळे तयार आहोत," मी म्हटलं. "आईला विचार."

मावशीनं मान वळवली नाही. भांडं घासलं, पाणी मारलं, फरशीवरून पाणी बाहेर लोटलं. "झालं," ती म्हणाली. "बलाव भाभीले."

रीतीनं तपासणी संध्याकाळी असते. पण भाभी गर्दीतच होती. ती पुढं आली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या, मीही. तिनं हो म्हटलं की सगळं गोड होणार होतं. एक म्हातारी, पंधरा दिवसांचा घोर, समोर मुलगी उभी. कुणीही हो म्हटलं असतं. भाभीनं चप्पल काढली, आत डोकावली, खाली वाकली. बराच वेळ लावला.

"पीछे का कोना रह गया," ती म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. मुलगी किंचाळलीच. "अरे, ते बसून आहे ना! मागं हात कसा जाईन तिचा?"

"वो मैं नहीं जानती. कोना गंदा है. पिछली बार मेरा भी कोना रहा था, तो मुझसे भी दो बार धुलवाया था."

"बरोबर बोलून राहिली ते," मावशी म्हणाली. "मले दिसलाच नाई. वॉकर दे."

मुलगी आडवी आली. मावशीनं वॉकरच्या पायानं तिला बाजूला केलं. एक हात वॉकरवर, एका हातात ब्रश, असं ती आत शिरली. फरशी ओली. मी पुढं झाले, पण आत दोन माणसं कशीबशी मावतात आणि दारात आधीच भाभी होती. मावशीचा वॉकर जरासा सरकला. भाभी झटकन आत गेली, तिनं मागून मावशीच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ना पिशव्या, ना ओढणी, ना गॉगल. साडीचा काठ ओल्या फरशीवर.

"धो," ती म्हणाली. "पकड़ा है."

मावशीनं कोपरा घासला. भाभीनं ब्रशला हात लावला नाही. ती बारी तिची नव्हती.

"अभी भी थोड़ा…"

"दिसून राहिलं मले! डोळे फुटले नाईत माहे."

मग पाणी. मग भाभी म्हणाली, "हो गया." दोघी तशाच एकमेकींना धरून बाहेर आल्या. भाभी मोरीवर पाय धूत बसली आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेली. एक्स-रेचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही.

मुलगी खुर्चीत बसून होती. तिला रडू येत होतं की राग, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. मी तिला चहाला घरी नेलं. तिनं विचारलं, "पडली तर?"

"पडली तर उचलू. तिथं पडली तर कोण उचलेल, संध्याकाळी सहापर्यंत?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दारात आतून धरायले दांडा लावून देसान का? दोन्ही बाजूनं."

"उद्याच. स्टीलचा लावते, गंज येत नाही."

दुपारच्या गाडीनं ती परत जायला निघाली, एकटीच. निघायच्या आधी आईची किल्ली घेऊन पाचव्या दाराकडे जाऊन आली. मावशी दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली, पहिल्यासारखी. मुलगी पाया पडायला वाकली.

"पाणी किती टाकलंस?" मावशीनं विचारलं.

"टाकलं ना, एक मग."

"एक मग? रायपूरले फ्लश असन. इथं बादली आहे. जा, टाकून ये. आज माही बारी आहे."

"आई, गाडी आहे माही!"

"गाडी काई तुह्याशिवाय नाई अडत. बारी अडते."

मुलीनं बॅग माझ्या हातात दिली, साडी खोचली आणि बादली घेऊन नळाकडे गेली.